दाराकडची ओळ

दाराकडची रोपं काही केल्या वाढेनात. बाकीच्या ओळींत तेच बी, तीच माती, तेवढंच पाणी. ती चांगली वीतभर उंच झाली आणि ही मेली बसकी, जाड देठाची, फुलायचं नावच घेत नव्हती. तहान सोसणारं हे वाण तयार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. आमच्या संशोधन केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, बियाणंच सदोष असेल तर आठवडाअखेरीला काचघर बंद करू. मॅडम काही दुष्ट नाहीत, पण त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असतं. काचघर गेलं की माझी नोकरी जाणार, नोकरीबरोबर राहायची खोली. मग ताईला घेऊन मी कुठे जाणार होते?

ताई माझ्याकडे आली ती तिचं बाळ गेल्यावर. जन्मतःच त्याच्या हृदयात दोष होता, त्याने अंगच धरलं नाही. तेव्हापासून तिने बोलणंच टाकलं. घरी एकटी ठेवायची भीती वाटायची, म्हणून मी तिला रोज कामावर न्यायचे आणि काचघराच्या दाराशी स्टुलावर बसवायचे.

मी माती बदलली, दिवे बदलले, दाराच्या फटीत कापूस कोंबला. दिवे बसवायला आलेला वायरमन म्हणाला, तुमची रोपं रुसली असतील. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं. त्या दुपारी झारी भरून परत आले, तर ताई त्या ओळीवरून हात फिरवत होती. एकेका रोपाला शेंड्यापासून खालपर्यंत, अगदी हळू. रोज करतेस का, असं विचारलं. तिने मान डोलावली.

आनंदाने मला काही सुचेना. बी चांगलं होतं, नोकरी शाबूत होती. तिचे खांदे धरून मी सांगत सुटले, "अगं, रोपाला माया कळत नाही. पानाला धक्का लागला की पेशीत कॅल्शियम उसळतं, एक पेशी दुसरीला कळवते. रोपाला वाटतं वारा सुटला, नाहीतर किडा आला. मग ते वाढायचं सोडून जीव वाचवत बसतं."

कितीतरी दिवसांनी ताई बोलली.

"म्हणजे मी हात लावला की खुंटतं."

मग मी काय काय सांगितलं. अशी रोपं चिवट होतात, किडीला सहजासहजी दाद देत नाहीत. तेही तितकंच खरं होतं, पण ते आधी सांगायची अक्कल मला नव्हती. बाळाचं दुखणं वेगळं होतं, डॉक्टर काय म्हणाले ते आठव, असंही विनवलं. तिने दोन्ही हात काखेत घट्ट धरले होते.

मॅडमनी मुदत वाढवली, वर शाबासकी दिली. दाराकडे आता नवी रोपं आहेत, सरळसोट वाढताहेत. काल रस्ता ओलांडताना गाडी अंगावर आली म्हणून मी ताईचा हात धरला. तिने तो लगेच सोडवून घेतला.

"नको," ती म्हणाली, "तुला काही झालं म्हणजे?"