गाठ न मारलेली गोष्ट

“आत्या, पानं हायत की सगळी. वाळवी कुठं लागलीय?”

मेघालीने काळ्या बांधणीचं जाड पुस्तक उघडून धरलं होतं. अकरा वर्षांची पोर, पण नजर तलाठ्याची. एडवणच्या वाचनालयातली शनिवारची दुपार. पाणी प्यायला उठलेली सुलूआत्या दारातच थांबली.

चौतीस वर्षं ती इथं पुस्तकांना लेबलं चिकटवत आली, कपाटांत डांबरगोळ्या ठेवत आली. शनिवारी पोरांना चटईवर बसवून जुनी, नावाजलेली पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची, हा शिरस्ता तिचाच. पोरं मोबाईल विसरून पुढे सरकत यायची. सगळ्यांत लाडकं हे काळं पुस्तक. गलबतवाल्याची लेक हरवलेल्या बापाला शोधायला दर्यावर जाते. पण सतरावं प्रकरण संपलं की आत्या पुस्तक मिटायची. पुढचं वाळवीनं खाल्लं, म्हणायची. मग पोरं यायची बंद व्हायची. किती पोरं अशी आली आणि गेली.

“आत्याची गोष्ट म्हंजे पाल,” मेघाली बाकीच्यांना म्हणाली. “शेपूट टाकून पळते. चला रे, आता नाय यायचं.”

पोरं हसत उठू लागली. सुलूआत्या मोजत होती. एकेक चेहरा पाहिला की अकरा. नुसती माथी मोजली की बारा. दाराशी चपलांचे जोड अकराच.

हे पुस्तक काढलं की असंच व्हायचं. पोरं गेल्यावर खिडकीजवळ चटईचा कोपरा ओला लागायचा. खारा वास, चिमूटभर वाळू. त्या कोपऱ्यात तिने कधी कुणाला बसू दिलं नव्हतं.

तिची आजी म्हणायची,
*गोष्ट राहिली गं अर्धी, पदराला मार गाठ*
*नाहीतर ऐकणारं चुकतं घराची वाट.*

घरातल्या बायका तसं करायच्या. गोष्ट मधेच सोडून उठायचं तर पदराला गाठ, पुन्हा बसलं की सोडायची. तेराव्या वर्षी सुलू हेच पुस्तक धाकट्या बहिणीला, चारूला वाचून दाखवत होती. सतरावं प्रकरण संपलं आणि आईने पानवेलींना पाणी घालायला हाक मारली. सुलू धावली. ओढणीला गाठ मारायची राहिली. वाट बघून कंटाळलेली चारू किनाऱ्यावर गेली. भरती आली, उतरली. चारू आली नाही.

उरलेली गोष्ट ऐकायला ती येते, हे आत्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शेवट ऐकल्यावर मात्र ती कशाला येईल?

मेघाली एक पाय चपलेत घालून उभी होती. रागावली होती, पण जात नव्हती. तिची नजर पुस्तकावरच होती. तशीच नजर चारूची होती, आई हाक मारत होती तेव्हा.

“बसा सगळी,” आत्या म्हणाली. “शेपूट हाय.”

तिने अठरावं प्रकरण उघडलं. बाहेर सुरूच्या बनात वारा पडला होता, तरी तिच्या डाव्या खांद्याला गारवा लागला. ओले केस टेकावेत तसा. तिने मान वळवली नाही. वाचत राहिली. पोरं चटईवरून पुढे सरकत आली. शेवटच्या पानावर लेक रिकाम्या हातांनी परत येते. दार उघडंच असतं. आई ताट झाकून बसलेली असते. ती एवढंच म्हणते, आलीस? जेवून घे.

पुस्तक मिटलं. बाप सापडलाच नाही का, हर्षितने विचारलं.

“नाय,” मेघाली म्हणाली. “पण ती आली ना घरी.”

खिडकीजवळ कुणीतरी लांब श्वास सोडला. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. आत्याचा खांदा हळूहळू ऊबदार झाला.

पुढच्या शनिवारी मेघाली एका नव्या मुलीला घेऊन आली, दीपालीला. आता तरी दर शनिवारी शेपटासकट पायजे, असं तिने दारातूनच बजावलं. आत्याने चपला मोजल्या, बारा जोड. माथी मोजली, बारा. पुन्हा मोजली.

बसायचं कुठं, दीपालीने विचारलं.

सुलूआत्या खिडकीजवळ गेली, वाकली, चटईच्या कोपऱ्यावरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

“इथं बस, बाय,” ती म्हणाली. “कोरडी हाय.”