पुढून फाटलेली खुर्ची

"तुझ्या हाताला झालंय तरी काय? सहा महिनेसुद्धा टिकली नाही!" म्हणत ताईने वेताची खुर्ची दुकानाच्या दारात आदळली.

आता खुर्च्या विणणाऱ्याच्या कामाला नाव ठेवणं म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय देणं. त्यातून हा तर ताईचा धाकटा भाऊ. बोटांना घट्टे आणि जिभेला धार.

"भाऊजींनी हत्ती बसवला असेल वर," तो म्हणाला.

"हत्ती कसला! वाळून काडी झालेत. साखर निघाली ना तीन महिन्यांपूर्वी, तर गोड सोडून चांगलं अकरा किलो वजन उतरवलंय. जो तो कौतुक करतो." कौतुक तिच्याही तोंडावर दिसत होतंच. "चार दिवसांत दे," म्हणाली आणि गेली.

पुटपुटत त्याने खुर्ची उलटसुलट करून पाहिली आणि तिच्या पाठीवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली.

शाळेत नापास होऊन घरी बसला होता, तेव्हा सगळे म्हणायचे, या पोराचं काही खरं नाही. त्या वेळी भाऊजींनी हीच खुर्ची त्याच्यापुढे ठेवली होती. "वीण. बिघडली तर बिघडली." त्यानंतर ती चारदा विणायला आली आणि चारही वेळा पाठीतच गेली होती. भाऊजी भूमितीचे मास्तर; जन्मभर फळ्यापुढे ताठ उभे राहिले त्याचा सूड या खुर्चीवर उगवायचे. पाय लांब, मान मागे, तोंडावर वर्तमानपत्र. यंदा मात्र पाठ कालच विणल्यासारखी कोरी होती. गेली होती ती बैठकीची पुढची कड, तेवढीच.

रेलून बसणारा माणूस टोकावर कशाला बसेल?

खरं सांगायचं तर तो संध्याकाळी ताईकडे गेला तो काळजीने नव्हे. दोष वेताचा नाही, बसणाऱ्याचा आहे, हे त्याला तिच्या तोंडावर सिद्ध करायचं होतं. भाऊजी पलंगाच्या काठावर पुढे वाकून बसले होते, पोटाशी उशी धरून.

"असे का बसलात?"

"पाठीत दुखतं जरा. वाकलं की बरं वाटतं. वय झालं, दुसरं काय!"

ताईने तळलेल्या माशांची ताटली पुढे केली. भाऊजींनी तोंड फिरवलं. एके काळी हाच माणूस शेजारच्या ताटातला तुकडा पळवायचा!

"तेलकटाचा वाससुद्धा नको होतो हल्ली," ते म्हणाले.

"डॉक्टरांना सांगितलंत हे?"

"साखरेच्या डॉक्टरला पाठीचं काय सांगायचं? काहीतरीच!"

खुर्चीवाल्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खुर्चीच्या पाठीला सहा महिन्यांत एकदाही कुणी नीट टेकलं नाही, एवढं त्याची बोटं सांगत होती. म्हणजे दुखणं 'जरा' नव्हतं. तो मनातून घाबरला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची खांद्यावर घेऊन तो दोघांना दवाखान्यात घेऊन गेला. भाऊजी लाजेने अर्धे झाले. "अरे, लोक हसतायत!"

"हसू देत. इथे बसायला जागा नसते, म्हणून घरून आणली म्हणा."

डॉक्टरीणबाईंनाही आधी हसूच आलं. त्याने खुर्ची त्यांच्यापुढे फिरवली. "हा रेलणारा माणूस आहे, बाई. ही पाठ बघा, ही कड बघा. ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून ही आणलीय."

सगळं ऐकून बाईंचं हसू मावळलं. त्या एकेक विचारू लागल्या. घरात आधी कुणाला साखर? कुणालाच नाही. वजन गोड सोडल्यावर उतरायला लागलं की आधीपासून?

भाऊजींनी जमिनीकडे बघत कबूल केलं, "आधीपासून."

"मला तर पथ्यामुळे म्हणालात!" ताई ओरडलीच.

"तुला आनंद होत होता ना," ते म्हणाले.

"यातली एकेक गोष्ट बहुतेक वेळा साधीच निघते," बाई म्हणाल्या. "पण नव्याने साखर, वजन, अशी पाठ आणि तेलकटाचा तिटकारा, सगळं एकत्र आलं की स्वादुपिंड बघायलाच हवं. या आठवड्यातच."

गाठ निघाली. कर्करोगाची. पण लहान होती, पसरली नव्हती, कापून काढता येण्यासारखी होती. त्या दिवशी खुर्चीवाल्याने वेत बाजूला ठेवला. दुकानाचं दार ओढून घेऊन तो ढसाढसा रडला.

शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. भाऊजींनी दोनदा आशा सोडली आणि ताईने दोन्ही वेळा रागावून ती परत धरायला लावली. डॉक्टर अजूनही 'बरे झाले' असं म्हणत नाहीत, 'तपासत राहू' म्हणतात.

दीड वर्षाने एका सकाळी दुकानाच्या दारात पुन्हा खुर्ची आदळली.

"हेच का तुझं काम? बघ, पाठ गेली!"

त्याने ती वळवून पाहिली. पुढची कड शाबूत. पाठीची वीण मात्र मधोमध फाटून लोंबत होती. मान वर करून पाहिलं तर ताई रागावलेली मुळीच नव्हती. डोळ्यांना पदर लावून उभी होती.

"कच्चंच आहे माझं काम," तो खुर्ची आत ओढत म्हणाला. "ठेवून जा. आणि भाऊजींना म्हणावं, दर वर्षी फाडा."