तिसऱ्या मावशीची पावडर

आमच्या हॅडलशॉच्या टाउन हॉलला चार मावश्या होत्या. दर्शनी दारावरचा दगडी सज्जा त्या खांद्यांवर घेऊन उभ्या असायच्या. दगडात कोरलेली नुसती डोकी आणि खांदे, केस गिरणीतल्या बायकांसारखे रुमालात बांधलेले. पहिली हसरी, दुसरी पेंगुळलेली, चौथीच्या नाकाची कबुतरांनी पार वाट लावलेली. देखणी होती ती तिसरी. तिच्या गालांवरून सोनेरी पट्टे उतरायचे, आणि संध्याकाळचं ऊन पडलं की ती लाजल्यासारखी दिसायची.

ते पट्टे दिसावेत म्हणूनच कारागिरानं तो दगड उभा लावला होता. नंतर आलेल्या इंजिनिअरबाईंनी मला हे समजावून सांगितलं. डोंगरात दगड थरावर थर असा आडवा निजलेला असतो. भिंतीतही तसाच निजवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. उभा केला की पाऊस त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सोडवत बसतो.

आम्हाला मात्र एवढंच ठाऊक होतं की तिसरी मावशी पावडर लावते. तिच्याखालच्या पायरीवर रोज सकाळी पिवळी, मऊ भुकटी सांडलेली असायची. बनांच्या दिवशी, म्हणजे बनपाव झेलायच्या आमच्या सणाला, पोरी ती चिमटीत घेऊन गालांना लावायच्या. शुभ असते म्हणे.

ती पायरी माझी आई झाडायची. टाउन हॉलच्या किल्ल्या, दिवे, झाडू, सगळं तिच्याच ताब्यात. त्या उन्हाळ्यात ती सारखी म्हणायला लागली, "बाईची पावडर फार वाढलीय."

नगरपालिकेचे सचिव पिम साहेब हसले. "वय झालं तिचं, जोनी. या वयात जरा जास्तच लागते."

माझं म्हणाल तर मी तेव्हा जमिनीवर नव्हतेच. त्या वर्षीची दवंडीवाली म्हणून माझी निवड झाली होती. माझी, टॅमसिनची, जी वर्गात हजेरीला नुसती मान हलवायची. पण एकदा हॉकीच्या मैदानावर मी जीव खाऊन ओरडले, आणि माझा आवाज समोरच्या टेकडीला धडकून परत आला. तेव्हापासून मला गप्प करायची कुणाची टाप नव्हती.

बनांच्या दिवशी महापौर सज्ज्यातून मनुक्यांचे बन फेकतात आणि खाली सगळं गाव झेलायला उभं असतं. पण त्याआधी दवंडीवाली ओरडते, "मागे व्हा! आज काही मिळायचं नाही!" गाव उत्तर देतं, "मिळाल्याशिवाय हलायचं नाही!" आणि सगळे एक पाऊल पुढे सरकतात. असं तीन वेळा. मागे व्हा म्हटलं की पुढे जायचं, हे आमच्याकडची लेकरं बोलायच्या आधी शिकतात.

आदल्या दिवशी मी माझ्या विल्फ आजोबांना सांगून ठेवलं, "तिसऱ्या मावशीच्या बरोब्बर खाली उभे राहा. पहिला बन तुमचा. महापौरबाईंच्या टोपलीतला ढापून फेकते."

"गेल्या वर्षी कानावर बसला होता. यंदा तोंडात पडेल असा फेक."

"मग तोंड उघडं ठेवा."

"ते बंद कधी असतं? विचार तुझ्या आईला."

"आणि हलायचं नाही हं."

"हलायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते, बाई."

तिसरी मावशी आपल्या बायकोसारखी दिसते, असं ते म्हणायचे. आजी होती तेव्हा मात्र कधी म्हणाले नव्हते.

बनांच्या दिवशी सकाळी आईला पायरीवर पावडर नाही, हाताएवढा तुकडा सापडला. मावशीच्या रुमालाची गाठ. ओच्यात घालावा तसा अ‍ॅप्रनमध्ये धरून ती तो पिम साहेबांकडे घेऊन गेली.

"उद्या दोरी बांधून सगळं बंद करू," ते म्हणाले. "आज बंद केलं तर बनांऐवजी लोक मलाच वरून खाली फेकतील."

आई माझ्याकडे आली. "तू वर जाऊ नकोस."

"आई, सगळं गाव येतंय खाली."

"तेच म्हणतेय मी."

मी गेले. माझ्यावाचून कोण ओरडणार होतं?

कठड्यावर लाल मखमल टाकलेली होती. सोन्याच्या साखळीतल्या महापौरबाई टोपल्यांशेजारी उभ्या होत्या. मी पहिली हाक दिली, खालून गाव गरजलं आणि पुढे सरकलं. तेवढ्यात माझ्या बुटाखाली झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज झाला. सज्जा आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली होती. त्या फटीतून मला आजोबांची करडी टोपी दिसली.

"हे असंच असतं का?" महापौरबाईंनी विचारलं.

"नाही."

मी कठड्याशी गेले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "मागे व्हा!"

"मिळाल्याशिवाय हलायचं नाही!" पाऊल पुढे.

"अहो, खरंच मागे व्हा. सज्जा पडतोय!"

खाली हशा पिकला. "विल्फची नात ना? भलतीच रंगलीय," कुणीतरी म्हणालं. "मिळाल्याशिवाय हलायचं नाही!" आणखी एक पाऊल. लोक आता पार मावश्यांच्या खाली आले. मी जितकी ओरडत होते तितके ते जवळ येत होते. उभ्या आयुष्यात कुणी माझं इतकं ऐकलं नव्हतं.

मग मी तोंड मिटलं. टोपली उचलली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून बन चौकाच्या पलीकडे, मासळीच्या दुकानाकडे भिरकावले. महापौरबाईंच्या एका क्षणात ध्यानात आलं. त्यांनी दुसरी टोपली तिकडेच रिकामी केली. गाव उलटं फिरलं आणि ढकलाढकली करत तिकडे धावलं. मावश्यांखालची फरशी मोकळी झाली.

फटीत करडी टोपी तेवढी उरली होती.

"आजोबा, निघा तिथून."

त्यांनी वर पाहिलं. एक हात कानाशी होता, दुसरा बन झेलायला पुढे केलेला.

"नाही हललो बघ," ते म्हणाले.

तिसऱ्या मावशीचा चेहरा अख्खाच्या अख्खा सुटला. पुस्तकाचं एक पान गळावं तसा.

सज्जा पडला नाही. बाकीच्या तिघींनी पेलला. मासळीच्या दुकानाकडे लोक अजून बनांसाठी भांडत होते. आई आधी पोहोचली. आजोबांच्या कोटावर, भुवयांवर, ओठांवर पिवळी पावडर होती. ती आपल्या अ‍ॅप्रननं पुसत राहिली. मी खाली आले तेव्हाही पुसतच होती, आणि मला म्हणाली, "आता हाका मारू नकोस, टॅमी. त्यांना ऐकू येत नाहीये."

चौकशीत पिम साहेब म्हणाले की असं होईल हे कुणाला कळणार होतं. आईनं रुमालाची गाठ त्यांच्या टेबलावर ठेवली आणि ती बाहेर निघून आली.

आता तिसरीच्या जागी लोखंडी टेकू आहे आणि सज्जा कुलूपबंद आहे. या वर्षी बनांचा दिवस करायचा की नाही यावरून गावात बरीच वादावादी झाली. शेवटी दवंडी पायऱ्यांवरून द्यायची असं ठरलं, आणि ती देशील का म्हणून मलाच विचारलं. मी हो म्हटलं.

मी पायरीवर उभी राहिले. आवाज तसाच आहे माझा, मोठा. "मागे व्हा," मी ओरडले. "आज काही मिळायचं नाही!"

कुणी उत्तर दिलं नाही. बुटांचा आवाज झाला आणि सगळं गाव एक पाऊल मागे सरकलं.

पहिला बन माझ्या हातात होता. तो कुणाकडे फेकावा, मला कळेना.