आठ जणांचा एक कॉम्प्युटर

मी एक जुना मिनीकॉम्प्युटर आहे. मिनी म्हणजे केवढा, तर चांगला लोखंडी कपाटाएवढा. हसू नका मित्रांनो, माझ्या काळात मी लहानच म्हणवला जाई. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आलो, तेव्हा मला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली होती.

माझ्या आत युनिक्सच्या घराण्यातली एक छोटीशी प्रणाली होती, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्राम. माझ्या स्मृतीत तुमच्या मोबाईलमधला एक फोटोही मावणार नाही. तरी मला जोडलेल्या आठ टर्मिनलांवर, म्हणजे पडदा आणि कळफलकाच्या आठ जोड्यांवर, आठ मुलं एकदम बसत. मी प्रत्येकाला क्षणाक्षणाची पाळी देई, आणि प्रत्येकाला वाटे, मशीन फक्त आपलंच. त्यातली मिनल तर हाकलल्याशिवाय उठत नसे.

माझी एक खोड होती. मुलांनी लिहिलेलं मी लगेच डिस्कवर उतरवत नसे, थोडं मनात साठवून ठेवी. म्हणून बंद करण्याआधी मला 'सिंक' असा हुकूम द्यावा लागे, म्हणजे मनातलं सगळं आधी लिहून काढ. एका दसऱ्याला शिपाई भैयाजी हार आणि हळदकुंकू घेऊन आले. "आज अवजाराले हात लावाचा नसते. यालेबी आराम पाहिजे," असं म्हणत त्यांनी मायेनं माझा मेन स्विचच खाली केला.

झालं! फायलींचा पार विचका झाला. मुलांचे प्रकल्प गेले आणि ठपका आला माझ्यावर. भरवशाचा नाही म्हणे! पुढे टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. फार वाईट वाटलं हो.

वर्षं गेली. मिनल त्याच कॉलेजात विभागप्रमुख झाली. यंदा प्राचार्य धर्मेंद्र सर तिला म्हणाले, "खोली रिकामी करा मॅडम. पुढच्या सोमवारी इतवारीतून भंगारवाल्याचा टेम्पो येऊन राहिला."

"तोवर चालू नाही झाला तर मीच टेम्पोत चढवून देईन, सर."

"या डब्याले एवढा जीव काहून लावून राहिल्या?"

"याची अख्खी प्रणाली पोरायले एका सत्रात ओळ न् ओळ वाचून समजते. नव्या मशीनची कोण पूर्ण वाचते?"

मिनलनं धूळ काढली, फुगलेले कपॅसिटर बदलले, फायलींचे तुटलेले दुवे तपासून जोडले. सोमवारी टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला. तिनं स्विच दाबला. डिस्क घरघरली आणि थांबली. मग ती पुन्हा फिरली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: लॉगिन. शाबूत असलेल्या तीन टर्मिनलांवर तीन मुली एकदम टाइप करू लागल्या, आणि मी पाळ्या वाटू लागलो.

धर्मेंद्र सर एकेका पडद्याशी वाकून बघत गेले. मग खिडकीतून टेम्पोवाल्याला म्हणाले, "जा गा तू. हे मशीन शिकवून राहिलं."

मित्रांनो, तुमच्याकडेही कोपऱ्यात कोणी गप्प पडलं असेल. टेम्पो बोलावण्याआधी एकदा सुरू करून बघा. आणि जरा धीर धरा, आम्हाला उठायला वेळ लागतो.