धवलेरीनं नाव सांगितलं

कैनाडच्या पाड्यावर जिव्याच्या धाकलीचं लग्न होतं. कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहून ठेवला होता. वर फडकं टाकलेलं. धवलेरीनं, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनं, गाणं म्हणावं, चौक उघडावा, देवीला बसवावं आणि मग लग्न लागावं, ही इथली रीत. चाळीस वर्षं हे गाणं बायजीच्या गळ्यात नांदत होतं.

ती चौकासमोर बसली, तोच जिव्या खाली मान घालून आला.

"बायजी, आज तू नुसती बस. गाऊ नको."

"कां रं? माझा गळा बसला कां?"

"तसा नाय..." त्यानं व्हिडिओवाल्या शैलेशकडे पाहिलं.

"आजी, रागावू नका," शैलेश म्हणाला. "वाणगावच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला, तुमच्या आवाजामुळे उडाला. कॉपीराइटची तक्रार. अजून एकदा झालं तर माझं चॅनलच बंद. वापीचे सोयरे लाइव्ह बघतायत. मी सनई लावतो, तिच्यावर कोणाचा हक्क नाय."

"आणि माझ्या गाण्यावर कोणाचा?"

उत्तर नात प्राजक्तानं दिलं. डहाणूला झेरॉक्सच्या दुकानात काम करता करता ती कायद्याची पानं वाचत असे. "एकनाथ सरांचा, आजी. त्यांनी तुझं गाणं स्वतःच्या नावानं नोंदवलंय."

बायजीला सर आठवले. सहा वर्षांपूर्वी गाणी गोळा करायला याच पाड्यावर आले होते, मांडी घालून बसले, कोरा चहा गोड मानून प्यायले. मोबाइलवर गाणं भरून घेताना विचारलं, "हे गाणं कोणाचं?" धवलेरीनं म्हणायचं तेच ती म्हणाली, "माझं नाय, देवीचं." गाण्यावर माणसानं हक्क सांगू नये, स्वतःचं नावही घेऊ नये, हे तिला आईनं शिकवलं होतं. सरांनी तेवढं वाक्य कापलं आणि मोकळ्या जागी आपलं नाव लिहिलं. शिकलेल्या माणसाला लाज सोडायला इतकीच जागा पुरते!

"व्हिडिओ उडवणाऱ्या त्या साइटवाल्याला डोळे नायत कां?" बायजीनं विचारलं.

"तो म्हणतो, जागा माझी, माल लोकांचा," प्राजक्ता म्हणाली. " तक्रार आली की खाली काढायचं, म्हणजे त्याच्या अंगावर काय येत नाय. कायदा म्हणतो, तक्रार करणाऱ्यानं एकवीस दिवसांत कोर्टाचा हुकूम आणावा. नाय आणला तर गाणं परत दाखवता येतं. सरांनी काय आणलं नाय. आज चव्वेचाळीस दिवस झाले. मी तीनदा लिहिलं. दरवेळी एकच उत्तर, तेही इंग्रजीत: मूळ मालकाशी बोला."

"मूळ मालक!" बायजी हसली.

चोराच्या एका अर्जावर आवाज बंद होतो, आणि जिचा आवाज तिनं मात्र पुरावे घेऊन दारोदार फिरायचं. कायद्यात तिच्यासाठी जागा आहे. पण ती तिला कोण देणार? सर? साइटवाला?

"सनई लावू ना?" शैलेशनं हळूच विचारलं.

"लाव. आणि सनईला सांग देवीला बसवायला. बसली तर मी घरी जाते."

हळद लावलेली धाकली कोपऱ्यातून उठली. "बाबा, बायजी गाणार नसंल तं मी उभी राहणार नाय. व्हिडिओचं लगीन हाय कां माझं?"

जिव्याचा चेहरा उतरला. त्यानं शैलेशचा स्पीकर स्वतः उचलून मांडवाबाहेर नेऊन ठेवला.

बायजी मात्र लगेच गायली नाही. तिनं शैलेशला बोटानं जवळ बोलावलं. "तुझा तो डोळा इकडं धर. चालू हाय?"

"हो, आजी. पण व्हिडिओ उडेल..."

"उडू दे."

तिनं पदर सावरला. आईची शिकवण तिच्या घशाशी आली. ती तिनं गिळली. आयुष्यात पहिल्यांदा, गाण्याआधी, धवलेरीनं आपलं नाव घेतलं.

"मी बायजी. कैनाडची. हे गाणं देवीचं, माझ्या आईच्या तोंडून माझ्या तोंडी आलं. एकनाथ सरांनी ते माझ्या तोंडून नेलं. आता ऐका."

तांदूळ कुटिला, पीठ झालं गे,
पिठाच्या घरात कोण आलं गे...

दुसऱ्या ओळीला प्राजक्तानं सूर धरला, तिसरीला साऱ्या बायांनी. चौकावरचं फडकं सरकलं.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत उडाला. प्राजक्तानं साइटवाल्याला चौथं पत्र लिहायला घेतलं. या वेळी मराठीत, आणि खाली बायजीच्या नावापुढे पाड्यावरच्या एकोणचाळीस बायांची नावं.