नूतनने हलवलेलं बिऱ्हाड

भोरच्या त्या तीन माणसांच्या ऑफिसात चार वर्षं प्रद्युम्नवाचून पान हलत नव्हतं. वेल्ह्याकडच्या शेतकऱ्यांचं भात गिरणीत न्यायला टेम्पो ठरवून देणारं ॲप त्यानेच लिहिलं होतं. ते क्लाउडवर, म्हणजे एका कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर चालायचं. त्या कंपनीच्या खास सोयींत त्याने ते असं गुंतवलं होतं, की दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं म्हटलं की पंधरा दिवस ॲप बंद. मग मालक आनंदसर त्याच्या मागेपुढे फिरत, पासली गावाहून भात पिकवणारी साळूबाई दिवसातून चारदा फोन करी. खरं सांगायचं तर ते त्याला फार आवडायचं.

आणि सहा महिन्यांपूर्वी आलेल्या नूतनने सगळं ॲप असं बांधून ठेवलं, की कुठल्याही कंपनीकडे उचलून न्यावं आणि तसंच चालावं. सोमवारी सकाळी दुसऱ्या स्वस्त कंपनीकडे हलवते, डबा खायला सगळे मोकळे, असं ती हसत म्हणाली, आणि प्रद्युम्नच्या पोटात दुखायला लागलं. कालची पोरगी, आणि सर तिला स्वतः उठून चहा देतात!

ॲपला आणखी काय काय लागतं, असं तिने त्याला विचारलं होतं. त्याने सगळं सांगितलं, एक सोडून. टेम्पो कधी येणार हा मेसेज शेतकऱ्यांना जाण्याची सोय त्याने जुन्या कंपनीच्या खात्यात वेगळीच लावली होती. ते तो गिळून बसला. मेसेज गेला नाही, की पोती रस्त्यावर पडणार आणि सगळे पुन्हा आपल्या दारात येणार. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडतंच, पण जळणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

सोमवारी बाराच्या आत बिऱ्हाड हललं. डबे झाले, तीन वाजले, फोन काही वाजेना. शेवटी प्रद्युम्नने बाहेर जाऊन स्वतःच साळूबाईला फोन लावला आणि मेसेज आला का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आला की. टेम्पो बी आला, पोती गेली."

कसा काय आला, हे त्याच्या तोंडून निसटलंच.

"आवं, परवा नूतनताई आल्या व्हत्या पासलीला. माजा मोबाईल घिऊन बसल्या, तुमाला काय काय येतं ते दावा म्हनल्या. समदं लिवून घेतलं. तुमी चार वर्सांत हितं कदी आलाच न्हाई, सायेब."