देव्हाऱ्यातल्या पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. नांदेडच्या एका घरात माळ्यावर, पिशवीत, माझ्या उजव्या भावाशेजारी पडून असतो. मला उलटं करून पाहिलंत, तर टाच आणि चवडा यांच्या मध्ये एक रिकामा खळगा दिसेल. पाहणाऱ्याला वाटतं, बूट फाटला आहे. पण तो खळगा मुद्दाम ठेवलेला आहे.

मला चालण्यासाठी बनवलं, तसंच घसरण्यासाठीही. रबराचं काम धरून ठेवण्याचं. म्हणूनच ओल्या फरशीवर तुमचा पाय टिकतो. पण लोखंडी कठड्यावर उडी मारून उभं राहायचं आणि त्यावरून सरसर घसरत जायचं, तर रबर उपयोगी पडत नाही. त्यासाठी माझ्या खळग्यात कडक, गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी बसवलेली होती. ती मधून किंचित खोलगट होती, म्हणजे कठड्याचा पाइप बाजूला निसटत नसे. प्रत्येक घसरणीला पट्टी थोडी झिजते, म्हणून ती चिकटवलेली नव्हती, दोन स्क्रूंनी कसलेली होती. झिजली की काढायची आणि नवी लावायची. बूट टाकून द्यावा लागत नाही. ज्यानं हे योजलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

हैदराबादच्या माधवरावांनी आम्हा दोघांना आपल्या भाच्यासाठी, अंबरीशसाठी आणलं. तो तंत्रनिकेतनात शिकत होता. त्याची आई विशाखाताई शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं.

"आमच्या दादाला कुणीतरी टोपी घातली बघ. कंपनीला रबर पुरलं नाही, म्हणून मध्ये प्लास्टिकचं ठिगळ लावलंय."

"फॅशन आहे गं ती," अंबरीश हसून म्हणाला.

खरं सांगितलं असतं, तर आम्ही त्याच आठवड्यात हैदराबादला परत गेलो असतो.

पुढचं दीड वर्ष माझं सुखाचं होतं. रिकाम्या प्लॉटवर दोन दगडांवर पाइप ठेवून आम्ही शिकलो. नीट घसरता यावं म्हणून अंबरीश त्यावर मेणबत्ती घासायचा. त्याचा मित्र सत्यम मूळचा हिमायतनगरकडचा. तो मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि ओरडायचा, "अंबऱ्या, पाय हायत का चाकं रे?" आजूबाजूची पोरं माझा तळवा बघायला वाकायची. बुटाचा तळवा कोण बघतं, सांगा!

मग पट्ट्या झिजून कागदासारख्या झाल्या. नव्या कुठंच मिळेनात, बनवणाऱ्या कंपनीनं त्या बंद केल्या होत्या. तेव्हा अंबरीशनं आईचा पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड उचलला. त्यानं व्हर्नियरनं माप घेतलं, करवतीनं तुकडे कापले, कानस मारून मधला भाग खोलगट केला आणि भोकं पाडली. घरात दोन दिवस "माझा बोर्ड कुणी नेला?" असा शोध चालला होता. जुन्या पट्ट्या काढताना तुटल्या. नव्या तयार झाल्या, तो दिवस खंडेनवमीचा होता.

विशाखाताई पाटावर हत्यारं मांडत होत्या. विळी, कात्री, अंबरीशची करवत, व्हर्नियर, पेचकस. त्यांना पट्ट्या दिसल्या.

"हा माझा बोर्ड होय रे, चोरा! बरं, स्वतःच्या हातानं केल्यास ना? मग आधी देवापुढं ठेव."

मी उंबऱ्याबाहेर होतो. तिथून मला त्या पांढऱ्या पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली दिसली, वर झेंडूच्या पाकळ्या. माझ्या जातीच्या कुणाच्या वाट्याला असा मान आला नसेल.

दुपारी सत्यम गाडी घेऊन आला. "चल बे. संध्याकाळी मी गावाला जाऊन राहिलो, तिकडूनच पुण्याला, नोकरीवर. नदीकडचा मोठा कठडा आज झाला तर झाला."

त्या कठड्याचं दोघांनी वर्षभर ठरवलेलं होतं. अंबरीश आत गेला.

"आई, पट्ट्या घेऊ का? आणि पेचकस?"

"आज? पूजेतली हत्यारं आज उचलत नसतात. उद्या घे. एक दिवस फॅशनवाचून अडतंय होय तुझं?"

पट्ट्या कशासाठी आहेत, हे सांगितलं असतं, तर आईनं त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. तो बाहेर आला आणि मला पायात घालून निघाला.

"पट्ट्या न्हाईत?" सत्यमनं विचारलं.

"खळगा आहे ना. पाइप त्यातच बसेल."

"हाव, मग तर लई पक्का बसंल."

तो खरंच पक्का बसला. अंबरीश धावत आला, उडी मारली आणि पाइप माझ्या खळग्यात नेमका शिरला. दोन्ही बाजूंच्या रबरी कडांनी तो आवळून धरला. मी थांबलो. अंबरीश थांबला नाही.

खाली दगडी पायऱ्या होत्या. डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टरांनी आत पोलादी पट्टी बसवली, स्क्रूंनीच. ही मात्र काढायची नाही, असं ते म्हणाले.

दवाखान्यात मी खाटेखाली पिशवीत होतो. विशाखाताई त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या. गावाला न जाता थांबलेल्या सत्यमनं व्हिडिओ दाखवल्यावर त्यांना सगळं कळलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"देवानंच राखलं रे. त्या गुळगुळीत पट्ट्या बुटात असत्या, तर घसरून डोक्यावर पडला असतास. मी उचलू दिल्या नाहीत, म्हणून पायावर निभावलं."

सत्यमनं मान खाली घातली. अंबरीश म्हणाला, "हो आई."

आता तो लंगडत चालतो. पट्ट्या कायमच्या देव्हाऱ्यात आहेत. विशाखाताई रोज त्यांना हळदीकुंकू वाहतात आणि अंबरीशला हात जोडायला लावतात. तो जोडतो.

मित्रांनो, बूट वाळवा, पुसा, उन्हात टाकू नका. पण माझं मागणं त्याहून वेगळं आहे. तुमच्या वस्तूचा कोणता भाग काय काम करतो, ते समजून घ्या आणि तुमच्यावर माया करणाऱ्यांना ते खरं खरं सांगा. ते रागावतील, रागावू द्या.

आणि कधी या घरी आलात, तर त्या पट्ट्यांनी आपल्या मुलाला कसं वाचवलं, ते विशाखाताई तुम्हालाही सांगतील. अंबरीश तिथंच बसलेला असेल. तेव्हा त्याच्याकडे बघू नका.